थरथरघालव्या

आमच्या गल्लीतल्या सलूनमध्ये पुरुषांच्या बाजूला कारागीर दोन आणि त्या दोघांच्या छातीत मिळून यंत्रंही दोन. सासऱ्यांच्या छातीत पेसमेकर, जावयाच्या छातीत डिफिब्रिलेटर. सासऱ्यांना सगळी गल्ली थोरले म्हणते. जावयाला जावईबापू म्हणते, कारण लग्नानंतर ते पहिल्यांदा दुकानात उभे राहिले तेव्हा थोरल्यांनी बाकावरच्या गिऱ्हाइकांशी त्यांची ओळख ‘हे आमचे जावईबापू’ एवढीच करून दिली होती. पुढे काय सांगावं हे त्यांना सुचलं नसावं. आता इतका काळ लोटलाय की खरं नाव विचारलं तर जावईबापूंच्या बायकोलाही कात्री खाली ठेवून आठवावं लागेल.

पेसमेकर गल्लीला लगेच पटला होता. शब्द सुटसुटीत आहे, तोंडाला साबणाचा फेस असतानाही म्हणता येतो. डिफिब्रिलेटरचं तसं नव्हतं. दाढीच्या खुर्चीत बसून कुणी तो शब्द म्हणायला गेला की निम्म्या वाटेत फेस तोंडात जायचा आणि चौकशी तिथेच थांबायची. त्यामुळे जावईबापूंच्या छातीत नेमकं काय बसवलंय याबद्दल गल्लीला फार थोडी माहिती आणि फार पक्की मतं होती.

झालं होतं ते असं. एका सकाळी एका गिऱ्हाइकाचे केस कापता कापता जावईबापू कात्रीसकट खाली बसले आणि मग आडवेच झाले. नशीब की नुसती कटिंग चालू होती. हॉस्पिटलात निघालं की त्यांच्या हृदयाला अधूनमधून लय सोडायची सवय लागली आहे. डॉक्टरांनी डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढी डबी बसवून दिली. जावईबापू महिनाभर घरी बसले आणि मग पुन्हा दुकानात आले. गोरे झाले होते, थोडे सुटलेही होते.

पहिल्याच दिवशी समोरचे कापडवाले दाढीला आले. हे रोजचं गिऱ्हाईक. दुकान उघडायच्या आधी जावईबापूंच्या हातची दाढी झाली नाही तर दिवसभर त्यांचं मीटर चुकतं, असं ते स्वतःच सांगत. ते खुर्चीत बसले, मान मागे टाकली, फेस लावून घेतला आणि आरशातून विचारलं, “बापू, त्यात करंट असतो म्हणे?”

“असतो.”

“कायम?”

“कायम नाही. गरज पडली तरच झटका देतं.”

“गरज कधी पडते?”

“ते त्याचं ते ठरवतं.”

कापडवाल्यांनी थोडा विचार केला. “म्हणजे माझा गाल ओला, तुमचा हात ओला, मध्ये पोलादाचं पातं, आणि बटण तिसऱ्याच्याच हातात.”

“असं म्हणता येईल.”

“मग राहू द्या,” कापडवाले म्हणाले आणि गळ्याभोवतीच्या टॉवेलने फेस पुसून उठले. “आज तशी फार वाढलेली नाही.”

त्या दिवसापासून गल्लीत कुणाचीच दाढी फार वाढेनाशी झाली. कटिंगला माणसं येत होती. कात्रीबद्दल कुणाची तक्रार नव्हती, कारण केस कोरडे असतात आणि कोरड्यातून करंट जात नाही हे सगळे शाळेत शिकलेले होते. दाढीचं नाव काढलं की मात्र बाकावरच्या प्रत्येकाला काहीतरी काम आठवायचं.

खरी गोष्ट अशी की जावईबापूंना गिऱ्हाइकांचा राग आला नाही. त्यांना सुटल्यासारखंच वाटलं. गिऱ्हाइकांच्या भीतीपेक्षा त्यांची स्वतःची भीती जास्त बिनचूक होती. यंत्र तपासणाऱ्या बाईंना त्यांनी विचारून ठेवलं होतं.

“झटका बसला तर समोरच्याला लागेल का हो?”

“फार तर किंचित झिणझिण्या. इजा नाही.”

“आणि माझा हात हलेल का?”

“हलेल. पण बहुतेक वेळा आधी चक्कर येते, माणसाला कळतं.”

“बहुतेक वेळा म्हणजे?”

“म्हणजे बहुतेक वेळा,” बाई म्हणाल्या.

हा ‘बहुतेक’ जावईबापूंच्या मनात डबीपेक्षा खोल जाऊन बसला. वस्तरा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पण कुणाच्या गळ्यावर पातं टेकवायचं आणि वर ‘बहुतेक’ म्हणायचं, हे त्यांच्याच्याने होईना. पार्टिशनपलीकडे बायकांचा विभाग त्यांच्या बायकोकडे होता. तिने तिथूनच निकाल दिला होता. “अहो, वस्तऱ्याला हात लावलात तर माझ्याशी गाठ आहे. बाबा, ऐकताय ना?”

“गल्ली ऐकतेय,” थोरले म्हणाले.

मग थोरल्यांनी स्वतः दाढीची खुर्ची घेतली. त्यांचा पेसमेकर चोख होता, पण पेसमेकर हृदयाला बसवतात, हाताला नाही. थोरल्यांचा हात आताशा बारीक थरथरे. गल्लीतले पुरुष हनुवटीवर तुरटीचे पांढरे ठिपके मिरवत हिंडू लागले. जोडले तर रांगोळी व्हावी इतके ठिपके. महिन्याभरात थोरल्यांनी ब्रश खाली ठेवला आणि जाहीर केलं, “ही खुर्ची काढून टाकू. इथे डोकं धुवायचं बेसिन बसवू. मी सांगून ठेवतो बेसिनवाल्याला.”

त्या खुर्चीच्या उजव्या हाताशी जावईबापूंच्या उभं राहण्याने फरशीला खळगा पडला होता. ते जाऊन त्या खळग्यात उभे राहिले आणि कंगवे पुसू लागले. बेसिनला त्यांचा विरोध नव्हता. फक्त बेसिनपाशी त्यांनी करायचं काय, हे त्यांना कळत नव्हतं.

पुढच्या तपासणीला थोरले बरोबर गेले. त्यांना या यंत्राबद्दल पहिल्यापासून अढी होती.

“बाई, मला एक सांगा,” ते म्हणाले, “माझं यंत्र दिवसरात्र राबतं. यांचं काय करतं?”

“यांचं लक्ष ठेवतं.”

“नुसतं?”

“नुसतं. बसून असतं, बघत असतं. फारच बिघडलं तर एकदाच झटका देतं.”

“म्हणजे काम नाही, धंदा नाही, नुसतं घरात बसून लक्ष ठेवायचं आणि वर्षात कधीतरी सगळ्यांना दचकवायचं,” थोरले म्हणाले. “यंत्रसुद्धा जावयाच्याच स्वभावाचं मिळालं.”

“मामा, मी शेजारीच बसलोय,” जावईबापू म्हणाले.

“म्हणूनच मोठ्याने बोललो.”

बाई हसल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं. लोकांना वाटतं की हे यंत्र बंद पडलेलं हृदय चालू करतं. तसं नाही. हृदयाच्या तंतूंना कधी कधी थरथर सुटते. प्रत्येक तंतू आपल्याच तालात हलतो, रक्त पुढे ढकलायचं कुणाच्याच लक्षात राहत नाही. त्या थरथरीला फिब्रिलेशन म्हणतात. ती घालवतो तो डिफिब्रिलेटर. “सभेत सगळे एकदम बोलायला लागले की अध्यक्ष टेबलावर हात आपटतात ना? तसं. सगळे गप्प होतात. मग ज्याची पाळी असते तो बोलायला लागतो. यंत्र हृदय चालवत नाही. गप्प करतं. चालायचं ते हृदय आपलं आपण चालतं.”

थोरल्यांनी हे दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, “म्हणजे थरथरघालव्या. हे आधी सांगायचं होतंत. आम्ही उगीच परका शब्द तोंडात धरून फिरत होतो.”

त्या दिवसापासून सलूनमध्ये यंत्राचं नाव थरथरघालव्या पडलं. फेसातून म्हणता येत होतं. पण अर्थ कळला म्हणून गैरसमज जातोच असं नाही. गल्लीने बाकीचं सगळं विसरून एवढंच लक्षात ठेवलं की जावईबापूंच्या छातीत माणसाला वाचवणारा करंट आहे.

आणि मग ती सकाळ आली. कापडवाले दुकानाबाहेर उभे राहून एका बाईला पडद्याचं कापड उलगडून दाखवत होते. बोलता बोलता त्यांनी कापड तिच्या हातात दिलं आणि पायरीवर कोसळले. ती बाई बराच वेळ कापडच बघत होती. तिला वाटलं, भाव कमी करायला सांगितला म्हणून बसले असतील.

पण शाळेतल्या पीटीच्या बाई समोरून चालल्या होत्या. त्यांनी पर्स फेकली, कापडवाल्यांना फरशीवर सरळ केलं, श्वास पाहिला, आणि गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी छाती दाबायला सुरुवात केली. तोंडाने मोठ्याने मोजत होत्या. त्यांचा तो कवायतीचा आवाज ऐकून भोवती जमलेली अर्धी गल्ली नकळत ताठ उभी राहिली. “अॅम्ब्युलन्सला फोन करा,” बाई मोजता मोजता म्हणाल्या, “आणि डिफिब्रिलेटर आणा.”

शब्द ओळखीचा होता. चारजण धावत सलूनमध्ये शिरले आणि जावईबापूंना घेऊन आले.

घेऊन आले म्हणजे उचलूनच आणलं. हातात कंगवा, गळ्यात एप्रन, एका चपलेचा पत्ता नाही. त्यांना कापडवाल्यांशेजारी उभं करून एकजण म्हणाला, “हं, बापू. झोपा यांच्यावर.”

“काय करू?”

“छातीला छाती लावा. पुढचं ते यंत्र बघेल.”

“अहो, ते माझं माझ्यापुरतं आहे.”

“अशा वेळी हात आखडता घेऊ नका, बापू,” एक म्हातारे गृहस्थ कळवळून म्हणाले. “रोजचं गिऱ्हाईक आहे.”

गंमत बघा. हाच करंट यांना गालाला नको होता.

पीटीच्या बाई मान वर न करता म्हणाल्या, “यांना कशाला आणलंत? बँकेत भिंतीवर पेटी आहे ती आणा.” आता गल्लीला ती पेटी आठवली. बँकेच्या दारात ती कित्येक दिवस टांगलेली होती आणि लोक तिला तक्रारपेटी समजत होते. बँकेचा शिपाई ती घेऊन पळत आला. झाकण उघडलं तेव्हा आतून आधी पाच-सहा चिठ्ठ्या पडल्या, सगळ्या पंख्याबद्दलच्या.

यंत्र उघडल्याबरोबर बोलू लागलं. शांत, समजूतदार आवाज. छाती उघडी करा, म्हणालं. कुणीतरी सदरा फाडला. कापडवाले विकतात उत्तम कापड, पण वापरतात साधंच, त्यामुळे तो एका झटक्यात फाटला. पट्ट्या चिकटवा, यंत्र म्हणालं. शिपायाने पट्टी लावली. ती निसटली. पुन्हा लावली, पुन्हा वर आली. कारण सदऱ्याखाली आणखी एक कापड होतं. कापडवाल्यांच्या छातीवर इतके दाट, इतके कुरळे केस होते की पट्टी कातडीपर्यंत पोचतच नव्हती. पट्ट्या घट्ट चिकटवा, यंत्र म्हणालं. मग तेच पुन्हा म्हणालं. त्याला घाई नव्हती.

“केस काढावे लागतील,” पीटीच्या बाई धापा टाकत म्हणाल्या. “पेटीत वस्तरा असतो छोटा.”

पेटीत वस्तऱ्याची जागा होती, वस्तरा नव्हता. जावईबापूंनी दाढ्या बंद केल्यावर गल्लीची जी गैरसोय झाली होती, तिच्यातच तो कुणीतरी नेला असावा. शिपाई हनुवटी चोळत दुसरीकडे बघू लागला.

एवढ्यात गर्दीतून थोरले पुढे आले. त्यांच्या हातात वस्तरा होता, दुकानातला, जावईबापूंचाच. ते खाली वाकले, पातं छातीवर टेकवलं, पण छाती पीटीच्या बाईंच्या दाबण्याने वर-खाली होत होती, हात आपल्या सवयीने आडवा-तिडवा होत होता. थोरल्यांनी एकदा त्या हाताकडे पाहिलं. मग वस्तरा जावयापुढे धरला.

“जावईबापू, घ्या.”

“मामा, माझं काय होईल सांगता येत नाही. आत्ताच नुसतं धडधडतंय.”

“तुमचं नंतर बघू. यांचं आत्ता.”

जावईबापूंनी बायकोकडे पाहिलं. ती गर्दीत पुढेच उभी होती, हातमोज्यांना केसांचा रंग लागलेला. ती म्हणाली, “माझ्याकडे काय बघता? करा की.”

ते खाली बसले. त्यांच्या कानांत स्वतःचेच ठोके वाजत होते. त्यांना पक्कं वाटत होतं की डबी आता ठरवणार, आत्ता ठरवणार. तरी डाव्या हाताने त्यांनी कातडी ताणली आणि उजवा हात आपोआप कामाला लागला. साबण नाही, पाणी नाही, खाली गिऱ्हाईक हलतंय. बाई मोजत होत्या, छाती खाली जाई आणि वर येई, आणि जावईबापू ती वर आली की पातं ओढत, खाली गेली की उचलत. गळपट्टीच्या हाडाखाली उजवीकडे एक चौकोन, डाव्या काखेखाली दुसरा. मध्येच सवयीने तोंडातून निघून गेलं, “मान सैल सोडा,” आणि इतकी सैल मान त्यांच्या हाताखाली कधीच आली नव्हती.

पट्ट्या चिकटल्या. कुणीही स्पर्श करू नका, यंत्र म्हणालं. पीटीच्या बाईंनी हात वर केले. सगळे मागे सरले. जावईबापू सगळ्यांत मागे, पार पानाच्या दुकानापर्यंत सरले. कापडवाल्यांचं अंग एकदा उडालं. मग बाईंनी पुन्हा मोजायला घेतलं, आणि बरंच मोजून झाल्यावर खालून बारीक आवाज आला, “कोण बसलंय छातीवर?”

अॅम्ब्युलन्स आली आणि त्यांना घेऊन गेली. मग गल्लीत जे बोललं गेलं, त्यात पेटीचा उल्लेख दुपारपर्यंत टिकला. संध्याकाळी गोष्ट अशी झाली होती की जावईबापूंनी कापडवाल्यांच्या छातीवर हात ठेवला आणि आपल्यातला थोडा करंट त्यांना दिला. जावईबापू घसा फोडून सांगत राहिले की मी फक्त केस काढले. लोक म्हणाले, मोठेपणा आहे तुमचा. दुसऱ्या दिवशी सकाळी बाकावर दाढीवाल्यांची रांग होती. शिपाई पहिला.

जावईबापूंनी सगळ्यांना परत पाठवलं. त्यांच्या डोक्यातून ते धडधडणं जाईना. त्या वेळी झटका बसला असता तर पातं कुठे गेलं असतं, हेच ते मनात पुन्हा पुन्हा करून बघत होते. बेसिनवाला येऊन माप घेऊन गेला. ते त्याच्या टेपचं एक टोक धरून उभे राहिले.

“चला, आधी विचारून येऊ,” थोरले म्हणाले, आणि दोघं तपासणीच्या बाईंकडे गेले.

बाईंनी डबीवर उपकरण धरलं, पडद्यावर रेघा आणल्या आणि त्या सकाळपाशी थांबल्या. “बापरे. इथे काय करत होतात? केवढं पळतंय.”

“वस्तरा चालवत होतो.”

“हे बघा. यंत्राला इथे जाग आली. त्याने सगळं बघितलं. ठोके खूप जलद, पण एका लयीत. एकापाठोपाठ एक, रांगेत. थरथर नाही.” बाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. “मग त्याने काही केलं नाही. घाबरलेला माणूस आहे, बिघडलेला नाही, असं ठरवलं आणि पुन्हा बसून राहिलं.”

जावईबापूंनी त्या रेघांवरून बोट फिरवलं.

“त्याला तेवढा फरक कळतो?”

“त्याचं कामच ते. झटका देणं सोपं आहे हो. न देणं कळायला लागतं.”

“आणि तुमचं ते ‘बहुतेक’?” त्यांनी विचारलं.

“ते आहेच. ते मी तुम्हाला काढून देऊ शकत नाही. जरा जरी गरगरलं तरी हात गिऱ्हाइकापासून लांब. डॉक्टरांना विचारा, तेही हेच सांगतील. पण निव्वळ धडधडलं म्हणून वस्तरा ठेवायची गरज नाही.”

त्यांनी डॉक्टरांनाही विचारलं. डॉक्टरांनी तेच सांगितलं, फक्त जास्त वेळ लावून. परत येताना गल्लीच्या तोंडाशी थोरले म्हणाले, “मी म्हणालो होतो ना, जावयाच्याच स्वभावाचं आहे.”

“म्हणालात.”

“वाईट अर्थाने म्हणालो होतो,” थोरले म्हणाले, आणि चालायला लागले.

कापडवाले परत आले ते तणतणत. त्यांनाही आता डाव्या खांद्याखाली डबी होती. पण रागाचं कारण वेगळं होतं. दुकानात शिरल्या शिरल्या त्यांनी सदऱ्याची बटणं काढली आणि छाती आरशापुढे धरली. काळ्याभोर रानात दोन गुळगुळीत चौकोन, एक वर, एक खाली, एकमेकांशी काही संबंध नसलेले.

“हे काय आहे, बापू? हॉस्पिटलातली पोरं हसत होती. माझ्या दुकानात कापड असं तिरकं कापलं तर मी माणूस ठेवत नाही.”

“गिऱ्हाईक हलत होतं,” जावईबापू म्हणाले.

पार्टिशनपलीकडून कुणीतरी खुदकन हसलं.

“छातीचं राहू द्या, उगवेल,” कापडवाले म्हणाले आणि दाढीच्या खुर्चीत बसून मान मागे टाकली. “हॉस्पिटलात रोज वेगळा माणूस दाढी करायचा. एकालाही गळ्याखालचा भोवरा सापडला नाही. चला.”

जावईबापू हलले नाहीत. “तुम्हाला सगळं माहीत आहे ना? ओला गाल, ओला हात.”

“मला काय सांगता, आता माझ्याकडेही तेच आहे.”

थोरले बाहेर गेले. दाराशी उभं राहून ते फोनवर कुणाला तरी सांगत होते की माप चुकलंय, बेसिन तिथे मावत नाही, दुसरीकडे बघा. ते माप अजिबात चुकलेलं नव्हतं.

जावईबापू खळग्यात जाऊन उभे राहिले. ब्रश फिरवला, फेस केला, वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर परजला. बाकावर आम्ही सगळे वर्तमानपत्राआडून बघत होतो आणि पान कुणीच उलटत नव्हतं. त्यांनी कातडी ताणली. पातं कानाच्या पाळीखाली टेकवलं, आणि तसेच थांबले.

कापडवाल्यांनी एक डोळा उघडला. “धडधडतंय का?”

“हो.”

“माझंही.”

“मग बोलू नका,” जावईबापू म्हणाले, “गाल हलतो.”